कालचं वासरू

माझे सासरे महालक्ष्म्यांची पेटी माळ्यावरून उतरवली त्या सकाळी गेले. शिडीवरून खाली आले, धोतराच्या सोग्यानं पेटीवरची धूळ पुसली, "पानी आन व पोरी" म्हणाले. मी तांब्या घेऊन आले तेव्हा ते भिंतीला टेकले होते. मला वाटलं, दम खाताहेत. मी दोनदा "बाबा, पाणी" म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत सासूबाई देवघरातून आल्या आणि त्यांनी माझ्या हातातला तांब्या काढून घेतला.

आमच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. त्या दिवशी संध्याकाळी त्या येणार होत्या. दोन पितळी मुखवटे चिंचेनं घासून उन्हात ठेवलेले, दोघींची लुगडी इस्त्री करून खाटेवर, पुरणाची डाळ निवडून परातीत. दुपारी अंगणात माणसं जमली तेव्हा ते मुखवटे उन्हात तसेच होते. ते उचलायचं कुणाला सुचलं नाही. शेवटी सासूबाईच उठल्या, मुखवटे फडक्यात गुंडाळले, पेटीत ठेवले आणि झाकण लावलं. मग पुन्हा येऊन नवऱ्याच्या पायाशी बसल्या. ते झाकण लावल्याचा आवाज मला आजही आठवतो.

मी यवतमाळ शहरात वाढलेली. लग्न होऊन दिग्रसजवळच्या या गावात येऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. सुतक फिटलं की सगळं पहिल्यासारखं होईल, असं मला वाटत होतं. ते तसं नाही, हे तेराव्याला कळलं. आमच्या भाऊबंदकीची रीत अशी, की ज्या सणाच्या दिवशी घरात मरण येतं तो सण त्या घराला बंद होतो. दुखवट्यापुरता नाही, कायमचा. तो उघडायचा रस्ता एकच. पुढे कधीतरी नेमक्या त्याच दिवशी घरात जीव जन्माला यायला हवा. मूल असो की गोठ्यातलं वासरू, पण दिवस तोच.

"आन् नाई आलं तं?" मी चुलत सासऱ्यांना विचारलं. भाऊबंदकीत तेच थोरले, रीतीभाती त्यांच्या तोंडपाठ.

"नाई आलं तं नाई," ते म्हणाले आणि पानाला चुना लावू लागले.

सासूबाई त्या घरात पंधराव्या वर्षी आल्या होत्या. त्यांच्या सासूनं मरताना ती पेटी त्यांच्या हवाली केली होती. गावात त्यांना दुसरी ओळख नव्हती. त्यांच्या महालक्ष्म्यांवर टांगलेला करंज्या-पापड्यांचा फुलोरा बघायला वरच्या आळीच्या बायका यायच्या, सोळा भाज्यांची भाजी आणि आंबील गल्लीभर जायची. आता त्या विधवा झाल्या होत्या, म्हणजे सण उघडला असता तरी मुखवट्यांना हात लावायचा, कुंकू वाहायचं ते मीच. त्यांनी दाराशी बसून बघायचं. तरीही त्यांना तेवढंच हवं होतं. "माह्या हातानं झाकण लागलं," त्या म्हणायच्या, "माह्या डोयादेखत उघडाव. मंग मी मोकळी." हे त्यांनी वर्षभरात दोनतीनदाच म्हटलं असेल. पण घरात चोवीस तास तेच ऐकू येत होतं.

ते वर्ष कसं गेलं सांगू? दसऱ्याला सोनं कुणी आणलं नाही. दिवाळीत शेजाऱ्यांच्या आकाशकंदिलाचा उजेड आमच्या ओट्यावर पडायचा तेवढाच. सोयाबीन निघालं, कापूस फुटला, माझ्या नवऱ्यानं बापाच्या जागी उभं राहून वेचणी करून घेतली आणि एकदाही चेष्टा केली नाही. एरवी तो वेचणीच्या बायकांना हसवून हसवून अर्धा दिवस वाया घालवणारा माणूस.

त्यात नणंदेचं लग्न. बाप गेला की पोरीचं लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. तिचं यवतमाळच्या मुलाशी ठरलेलं होतं. म्हणून वर्षश्राद्ध आधीच उरकून घेतलं आणि माघात बार उडवून दिला. कन्यादान आम्ही नवराबायकोनं केलं. अक्षता पडत होत्या तेव्हा सासूबाई मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत, आहेराच्या साड्यांच्या ढिगाजवळ बसून होत्या. मी धावत जाऊन म्हटलं, "आई, चला नं, कोण काय म्हनते?" त्या म्हणाल्या, "तू जाय. तुह्या बिना तिकडं अडून राह्यलं असन." मला राग आला. त्यांचा की रीतीचा, ते तेव्हा नीट कळलं नाही, आणि कळेपर्यंत मंगलाष्टकं संपली होती.

त्याच लग्नाच्या धावपळीत मला उलट्या सुरू झाल्या. सगळे म्हणाले, जागरणानं पित्त झालं. पित्त नव्हतं. सोनोग्राफीच्या कागदावर डॉक्टरांनी तारीख लिहून दिली, आणि सासूबाईंनी ती माझ्या नवऱ्याकडून पंचांगात बघून घेतली. महालक्ष्म्यांचा आठवडा.

त्या दिवशी त्या पहिल्यांदा हसल्या. कितीतरी महिन्यांनी मी त्यांचे दात पाहिले.

मग माझी चंगळ झाली. सकाळी दूध, दुपारी डिंकाचा लाडू, संध्याकाळी पायाला तेल. वाकायचं नाही, पाणी भरायचं नाही. शेजारची म्हणायची, "भाग्यवान हायेस, अशी सासू कोनाले भेटते?" मी हसून वेळ मारून न्यायची. मला दिसत होतं ना. दूध मी पीत होते, पण लाड पेटीचे चालले होते. आठव्या महिन्यात सासूबाईंनी माळा झाडून घेतला. चुलत सासऱ्यांकडे जाऊन विचारून आल्या, की कापून काढलेलं लेकरू रीतीत बसतं का. ते म्हणाले, बसायला हरकत नाही, दिवस बरोबर पाहिजे. हे मला शेजारणीकडून कळलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी दोन दिवस लाडू खाल्ला नाही. लाडवाचा काय दोष होता, कोण जाणे.

महालक्ष्म्यांना तीन दिवस होते तेव्हा पोटातली हालचाल कमी झाली. यवतमाळला दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाल्या, पाणी कमी झालंय, बाळाचे ठोके मला आवडत नाहीत, आजच करू. नवरा कागदावर सह्या करायला गेला. सासूबाई डॉक्टरांच्या मागे मागे दारापर्यंत गेल्या, काहीतरी बोलल्या, आणि परत येऊन माझ्या खाटेजवळ उभ्या राहिल्या. त्यांनी हात जोडले. सुनेपुढे.

"तीनच दिवस, पोरी. थांबता येत असन तं तीनच दिवस."

मला भीती वाटत होती, हे मी आज सांगू शकते. तेव्हा मात्र माझ्या तोंडून राग बाहेर पडला. "माह्यं पोट म्हंजे तुमची पेटी हाय काय? तुमाले पाह्यजे तवा उघडाव?"

पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं मान वळवून बघितलं. सासूबाईंनी जोडलेले हात खाली घेतले, माझ्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि बाहेर जाऊन बसल्या.

मुलगी झाली. ठणठणीत, आणि रडायला लागली की दवाखाना डोक्यावर घेणारी. मी बरोबर होते. शंभर वेळा विचारलं तरी मी तेच करीन. पण बरोबर असण्यानं बोललेलं परत घेता येत नाही.

तीन दिवसांनी संध्याकाळी दवाखान्यामागच्या घरांतून ताटं वाजायला लागली. महालक्ष्म्या दारातून आत येत होत्या. माझी मुलगी सासूबाईंच्या मांडीवर होती. त्या तिला माझ्या कुशीत ठेवून उठल्या, खिडकी लावली आणि परत येऊन तिला मांडीवर घेतलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

त्यांनी पुढे काही बोलून दाखवलं असतं तर मी भांडले असते. भांडण मला चांगलं येतं. पण त्या बोलल्याच नाहीत. चाळीस दिवस नातीला तेल-पाणी केलं, माझी शेक-शेगडी केली, मला बाजेवरून उतरू दिलं नाही. पेटीचं नावही काढलं नाही. माझ्याशी बोलायच्या ते मीठ, पाणी, लंगोट एवढंच. शेजारणीकडे म्हणे त्या इतकंच म्हणाल्या होत्या, "तिनं बरोबरच केलं." हे ऐकून मला जास्तच वाईट वाटलं.

मग त्यांनी गाईवर आशा लावली. गोठ्यात एक तांबडी गाय होती. कार्तिकात ती माजावर आली तेव्हा नवरा डॉक्टरला फोन करायला निघाला, तर सासूबाई म्हणाल्या, "आता नको." वीस-एकवीस दिवसांनी ती परत माजावर आली, तेव्हा त्यांनी ओट्यावर बसून बोटांच्या पेरांवर नऊ महिने नऊ दिवस मोजले. "आता बलाव." माझ्या लक्षात आलं आणि मी मनात म्हटलं, माझं कॅलेंडर हुकलं, आता गाईच्या गळ्यात अडकवलं. ही चेष्टा मी नवऱ्याजवळसुद्धा बोलले नाही. कारण त्या बोटं मोजत होत्या तेव्हा डोळे बारीक करून आपलाच हात चाचपत होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशन करा म्हटलं की म्हणायच्या, गाय व्यायल्यावर.

श्रावण संपला. गाय जड झाली. सासूबाई दिवसातून दहादा गोठ्यात जायच्या, कासेला हात लावून यायच्या. आणि नेमकी महालक्ष्म्यांच्या दोन दिवस आधी नणंद डेंग्यूनं दवाखान्यात पडली. प्लेटलेट खाली आल्या, जावयाचा फोन आला तर तो रडतच होता. मुलीला बघायला न जाऊन कसं चालेल? दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या नवऱ्याबरोबर निघताना त्या पुन्हा गोठ्यात जाऊन आल्या. "अजून कास भरली नाई. आज काई व्यात नाई ते. उद्या पयल्या गाडीनं येतो मी. ध्यान ठेवजो व बाई." वर्षभरात त्यांनी माझ्याशी बोललेलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं.

गाय त्याच दिवशी दुपारी व्यायली. चार वाजायचे होते. मी गोठ्यात गेले तर वासराचे पुढचे पाय बाहेर आलेले. मी शहरातली, मला काय करायचं कळेना, मी नुसती "आई, आई" म्हणत उभी राहिले. गाईनं माझी वाट बघितली नाही. तांबडी कालवड, कपाळावर पांढरा ठिपका. दिवेलागणीपर्यंत ती लटपटत उभी राहून पिऊ लागली.

मी तिथंच शेणात बसले आणि रडले. एवढं मोजूनमापून एक दिवस हुकला. मी तीन दिवस थांबले नव्हते, गाय एक रात्र थांबली नाही. उद्या त्या बसमधून उतरून चाचपडत गोठ्यात येतील आणि मी त्यांना सांगायचं, की कालच झालं. नाही, ते माझ्यानं होणार नव्हतं.

मग मी ठरवलं. वासरापाठोपाठ वार पडली ती कुंपणाशी पुरली. गोठा धुऊन काढला, दार ओढून घेतलं. गल्लीत जो तो आपापल्या फुलोऱ्यात गुंतलेला, कुणी डोकावलं नाही. उजाडताच पुन्हा गोठ्यात पाणी मारलं आणि, आता लिहिताना लाज वाटते, ओलं पोतं घेऊन वासराला अंगभर चोळलं. ताजं दिसावं म्हणून. गाय माझ्याकडे बघत होती. मी चोळून बाजूला झाले की ती परत चाटून कोरडं करायची. मग नवऱ्याला फोन लावला. "गाय व्याली. आत्ता, उजाडल्यावर." फोन स्पीकरवर असावा. पलीकडे कुणीतरी मोठ्यानं श्वास घेतला.

नणंदेचा धोका टळला होता. सासूबाई आल्या त्या चपला न काढता सरळ गोठ्यात. मी मागे. म्हटलं, डोळ्यांना दिसतं कुठं त्यांना? त्या वासराजवळ खाली बसल्या. त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग पुढचा पाय उचलून खूर हातात धरला, अंगठ्यानं चाचपला. मग पोटाखाली हात घालून नाळ धरली. बराच वेळ धरून ठेवली. मी दारात उभी होते.

"वार पडली?"

"पडली. पुरली म्या."

त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "चाल," म्हणाल्या, "पेटी काढ."

त्या संध्याकाळी महालक्ष्म्या आल्या. चुलत सासऱ्यांनी लांबूनच वासरू बघून मान हलवली आणि गल्लीला सांगितलं. मग काय, ज्याच्या घरात जे जास्त होतं ते आमच्याकडे आलं. कुणी करंज्या आणल्या, कुणी झेंडू. मी दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढली, नवऱ्यानं ताट वाजवलं. मुलगी त्या आवाजाला घाबरून रडली आणि नंतर स्वतःच टाळ्या पिटायला लागली. सासूबाई उंबऱ्याशी बसून सांगत होत्या, मी करत होते. मोठीला हिरवं, धाकटीला पिवळं. नथ उजवीकडं नको, डावीकडं. त्यांचा आवाज पहिल्यासारखा झाला होता. मी मुखवटे बसवून मागे सरले तेव्हा त्या हात जोडून, डोळे बारीक करून बघत होत्या. त्यांना नीट दिसत नव्हतंच. मी समया जवळ ओढल्या.

दोन गोष्टी मला खटकल्या. चिकाचा खरवस करून नैवेद्याला ठेवायला गेले, तर त्या म्हणाल्या, "देवीले खरवस नको दाखवू." आणि तीन दिवस त्या जेवल्या नाहीत. पुरणपोळी नाही, आंबील नाही. नुसतं पाणी. नवऱ्यानं आग्रह केला, शेजारणीनं केला. दरवेळी एकच उत्तर, "मळमळते." बसचा प्रवास बाधला असेल, असं आम्ही धरून चाललो.

त्या पौषात त्या गेल्या. डोळ्यांचं ऑपरेशन राहूनच गेलं. शेवटचे पंधरा दिवस अंगणातल्या उन्हात खाट टाकायचो. अशाच एका दुपारी मी त्यांच्या पायाला तेल लावत होते. त्या डोळे मिटून होत्या. मला वाटलं झोपल्या.

"वासरू कालचं होतं व पोरी."

माझा हात थांबला.

"खुराच्या खालची मऊ गादी झिजून गेलती. नाळ वाळलीती. आन् ओल्या पोत्याचा वास येत होता त्याले." त्या हसल्या, म्हणजे हसल्यासारखं केलं. "पोतं कायले चोयलं?"

मी म्हटलं, "मंग महालक्ष्म्या काहून बसवू देल्या?"

"दवाखान्यात म्या तुले तीन दिवस मांगतले. लेकराच्या जिवावर. ते पाप माह्यं." त्यांनी पांघरूण वर ओढलं. "मले वाटे, हे पोरगी आता मले कधी आई समजन नाई. आन् तू माह्यासाठी देवीजवळ खोटं बोलली. माह्या पोटच्या लेकीनं नसतं केलं."

"पन रीत?"

"सांगतलं म्या देवीले. म्हटलं, लबाडी माह्या नावावर लिव, पोरीले काई म्हनू नको. म्हून जेवली नाई." मग त्यांनी पाय थोडा पुढे केला. "लाव तेल. थंडी वाजते."

मी तेल लावत राहिले. त्यांच्या पायावर माझं काय काय पडत होतं, त्यांना कळलं असेल. मी माफी मागितली नाही. मागायला हवी होती. त्यानंतर आठ दिवसांनी त्या गेल्या, आणि त्या दिवशी कुठलाही सण नव्हता. शेवटचे दोन दिवस त्या पंचांगातली तिथी का विचारत होत्या, ते नंतर माझ्या लक्षात आलं.

आता पेटी माझ्याकडे आहे. दरवर्षी भाद्रपदात नवरा ती उतरवतो आणि पेटी खाली ठेवेपर्यंत मी त्याच्या मागे पाण्याचा तांब्या घेऊन उभी असते. गावातल्या बायका म्हणतात, तुमच्या महालक्ष्म्या जागृत, बंद पडलेल्या स्वतः उघडून आल्या. मी मान हलवते. त्या ज्या कालवडीच्या पायगुणानं आल्या म्हणतात ती आता दुसऱ्यांदा गाभण आहे. आमच्या महालक्ष्म्या कशाच्या आधारानं बसल्या आहेत, हे जगात दोघींनाच ठाऊक होतं, त्यातली एक राहिली. नवऱ्याला सांगावंसं वाटतं. पण त्याच्या आईनं जे स्वतःच्या नावावर घेतलं ते मी कुणापुढे मांडू? आणि तिनं घेतलं म्हणून माझं कमी झालं, असं मला कधीच वाटलं नाही.

यंदा पंगत उठली, सगळ्यांची पानं झाली. माझी मुलगी, तीन दिवस आधी आलेली ती, आता शाळेत जाते आणि प्रत्येक गोष्टीचं कारण विचारते. ती पुरणपोळीचा घास घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"आई, तू काहून जेवत नाई वं? दरवर्षी नाई जेवत तू."

मी घास तिच्याच तोंडात घातला.

"मळमळते," म्हटलं.